‘व्हॅनिला लावा आणि वीस वर्षे बसून खा’ : एका संदेशाचा प्रतिवाद

मुंबईत नोकरी करणाऱ्या आणि गावी कोकणात थोडीफार जमीन असणाऱ्या माणसांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक संदेश फिरतो आहे. गट गावमंडळाचा असो, सोसायटीचा असो की निवृत्त सहकाऱ्यांचा, तो कुठून ना कुठून येऊन पोहोचतोच. त्याचा सारांश असा : केशराच्या खालोखाल महाग असलेला व्हॅनिला हा मूळचा मादागास्करचा मसाला आता कोकणातही पिकतो, किलोला ४० ते ५० हजार रुपये भाव मिळतो, झाडावर वेल सोडली की मजुरी लागत नाही, परागीभवन मधमाश्यांची पेटी करते, पहिल्या वर्षापासून उत्पन्न सुरू होते, मुंबईतले आइस्क्रीमवाले आणि बेकरीवाले हवा तेवढा माल उचलतात, कारण कृत्रिम व्हॅनिलावर लवकरच बंदी येणार आहे, आणि रोपे देणारेच हमीभावाने माल परत घेतात, त्यामुळे एकरी २० लाख रुपये ठरलेले.

व्हॅनिला महाग आहे, ती वेल आहे आणि कोकणात ती जगू शकते, एवढे या संदेशात खरे आहे. बाकीचे मुद्दे एकेक करून तपासावे लागतात. भविष्यनिर्वाह निधीची आणि ग्रॅच्युइटीची रक्कम हातात आलेला माणूस असा संदेश वाचून गावच्या जमिनीचे गणित मांडू लागतो, आणि ते गणित चुकले तर ते दुरुस्त करायला त्याच्याकडे पुन्हा नोकरीची तीस वर्षे नसतात.

भावापासून सुरुवात करू. ४० हजारांचा आकडा हवेतून आलेला नाही, आणि म्हणूनच तो अधिक फसवा आहे. मार्च २०१७ मध्ये ‘एनावो’ हे चक्रीवादळ मादागास्करच्या ईशान्य किनाऱ्यावर, म्हणजे नेमके सांबावा, अंतालाहा या व्हॅनिलाच्या पट्ट्यावर आदळले. भाव त्याआधीच चढू लागले होते; २०१८ च्या सुमारास ते किलोला ६०० डॉलरच्या घरात गेले आणि काही काळ व्हॅनिला चांदीपेक्षा महाग झाली. त्या वेळच्या विनिमय दराने ६०० डॉलर म्हणजे ४० हजार रुपयांच्या थोडे वर. संदेशातला भाव तो हा : एका वादळानंतरच्या टंचाईतला शिखरभाव. २०२० मध्ये मादागास्करच्या सरकारने निर्यातीसाठी किलोला २५० डॉलर हा किमान दर ठरवून दिला, २०२३ मध्ये ते बंधन उठले, आणि त्यानंतर भाव १०० डॉलरच्याही खाली घसरला. शिवाय हे सगळे आकडे सुकवून, मुरवून तयार केलेल्या काळ्या शेंगेचे आहेत. शेतकऱ्याच्या हातात असते ती हिरवी शेंग, आणि तयार मालाच्या एका किलोसाठी अशा ५ ते ६ किलो हिरव्या शेंगा लागतात. संदेशात तयार मालाचा भाव हिरव्या मालाच्या वजनाला लावला आहे, आणि एकरी २० लाखांचा मोठा भाग त्या एका गुणाकारातूनच आलेला दिसतो.

हे सगळे भारतात पहिल्यांदा घडते आहे असेही नाही. २००० सालच्या ‘हुडा’ चक्रीवादळानंतर मादागास्करचा माल कमी झाला आणि २००३ पर्यंत तयार व्हॅनिलाचा जागतिक भाव ५०० डॉलरच्या आसपास गेला. त्या काळात केरळ आणि कर्नाटकातल्या शेतकऱ्यांनी हिरव्या शेंगेला किलोमागे ३,००० रुपयांहून अधिक भाव पाहिला. सुपारीच्या आणि कॉफीच्या बागांतून वेली चढल्या, कोवळ्या छाटांनाही गिऱ्हाईक मिळू लागले, आणि शेंगा चोरीला जाऊ नयेत म्हणून लोक रात्री बागेत पहारा देऊ लागले. पुढच्या दोन-तीन वर्षांत मादागास्कर सावरले, युगांडा, इंडोनेशिया, पापुआ न्यू गिनी इथल्या नव्या लागवडीही फळाला आल्या आणि महागाईला कंटाळलेल्या खाद्यकंपन्यांनी कृत्रिम स्वादाकडे मोहरा वळवला होता. हिरव्या शेंगेचा भाव १०० रुपयांच्या आसपास येऊन पडला. अनेकांनी वेली उपटल्या. ज्यांनी ठेवल्या त्यांच्या बागांत मूळकूज आणि खोडकूज शिरली. या पिकाचा स्वभावच असा आहे की लावल्यापासून शेंग हाती यायला जेवढी वर्षे लागतात, तेवढ्यात तेजी ओसरते. तेजी पाहून लावणारा माणूस मंदीत तोडणी करतो. संदेश लिहिणाऱ्याला हे ठाऊक नसेल तर त्याने सल्ला देऊ नये, आणि ठाऊक असेल तर ते लपवणे अक्षम्य आहे.

‘मजुरी लागत नाही, मधमाश्या काम करतात’ हे या संदेशातले सर्वांत चुकीचे विधान आहे. ‘मूळचा मादागास्करचा’ हे दुसरे चुकीचे विधानही याच इतिहासाशी बांधलेले असल्याने दोन्हींचा विचार एकत्र केलेला बरा. व्हॅनिला ही मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतली ऑर्किड आहे. मेक्सिकोच्या आखाती किनाऱ्यावर, आजच्या वेराक्रुझ प्रांतातल्या पापांत्ला परिसरात, टोटोनाक लोक ती पिढ्यान्‌पिढ्या जोपासत आले. ॲझटेक राज्यकर्ते ती खंडणीत घेत आणि कोकोच्या पेयात घालत. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी शेंग युरोपात नेली आणि पुढे वेलही अनेक देशांत पोहोचली. ती वाढे, क्वचित फुलेही, पण तिला शेंग धरत नसे. कारण फुलाच्या रचनेतच आहे. परागकोश आणि कुक्षी एकाच दांडीवर असले तरी त्यांच्या मध्ये एक पातळ पडदा असतो, त्यामुळे पराग आपोआप कुक्षीवर पडत नाहीत. हा अडसर ओलांडणाऱ्या मधमाश्या अमेरिकेतल्या, आणि तिथेही रानात फार थोड्याच फुलांना फळ धरते.

१८३६ च्या सुमारास बेल्जियममधल्या लिएज इथे शार्ल मोराँ या वनस्पतिशास्त्रज्ञाने हाताने परागीभवन करून शेंग धरवली, पण त्याची पद्धत शेतात चालण्याजोगी नव्हती. ती सापडली १८४१ मध्ये, हिंदी महासागरातल्या रेयुनियाँ बेटावर, एदमाँ नावाच्या १२ वर्षांच्या गुलाम मुलाला. फुलाची पाकळी बाजूला करायची, बारीक काडीने तो पडदा वर उचलायचा आणि अंगठ्याने पराग कुक्षीवर दाबायचे : एवढीच ती कृती, आणि सरावलेला हात ती काही सेकंदांत करतो. आसपासच्या मळ्यांचे मालक त्या मुलाला कृती शिकवण्यासाठी बोलावून नेऊ लागले. पुढे हे ज्ञान मादागास्करला आणि कोमोरोस बेटांवर गेले, आणि मेक्सिकोबाहेरचा सगळा व्हॅनिला-व्यापार त्यावर उभा राहिला. १८४८ मध्ये गुलामगिरी संपल्यावर एदमाँला ‘आल्बियस’ हे आडनाव मिळाले. या शोधाचे मोल मात्र त्याला कधी मिळाले नाही, आणि १८८० मध्ये तो दारिद्र्यातच वारला. ज्या पिकाचा अर्थव्यवहार एका मुलाच्या बोटांतून जन्माला आला, त्याविषयी ‘हाताचे काम नाही’ असे कोणी लिहितो तेव्हा तो इतिहासाचाही अपमान करतो, असे मला वाटते.

आजही ती कृती तशीच आहे. फूल पहाटे उमलते आणि दुपारपर्यंत कोमेजू लागते; ती सकाळ चुकली की त्या फुलाची शेंग गेली. एका घोसातली फुले एकदम न उमलता रोज एक-दोन उमलतात, म्हणून बहर असेपर्यंत रोज सकाळी प्रत्येक वेलीपाशी जावे लागते. एका घोसातली सगळी फुले धरूनही चालत नाही, नाहीतर शेंगा बारीक राहतात आणि वेल थकते. आठ-दहा धरायची, बाकीची सोडायची, हा निर्णय माणसानेच करायचा असतो. एक किलो तयार व्हॅनिलामागे अशी काही शे फुले असतात. आपल्याकडच्या सातेरी मधमाश्या मधासाठी पाळाव्यात, इतर फळझाडांना त्यांचा उपयोगही होतो. व्हॅनिलाला त्यांचा उपयोग नाही. शनिवारी रात्री गाडीत बसून रविवारी गावी उतरणाऱ्या आणि सोमवारी कामावर हजर होणाऱ्या चाकरमान्याला हे पीक झेपणारे नाही, एवढे तरी संदेशात लिहायला हवे होते.

पहिल्या वर्षीच्या उत्पन्नाविषयी फार लिहिण्याची गरज नाही. छाट लावल्यापासून बहुधा तिसऱ्या वर्षी फुले येतात, धरलेली शेंग पिकायला आठ-नऊ महिने घेते, आणि त्यानंतर प्रक्रियेचे काही महिने वेगळे. तयार माल विकून पैसा येईपर्यंत चौथे वर्ष सहज उजाडते. वीस वर्षांची गोष्टही खरी नाही. दहा-बारा वर्षांत वेलीचा जोम ओसरतो आणि नवी लागवड करावी लागते.

प्रक्रियेचा तर संदेशात उल्लेखच नाही, आणि खरा पैसा तिथेच मिळतो किंवा बुडतो. वेलीवरची हिरवी शेंग बिनवासाची असते. ती ६३ ते ६५ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात साधारण तीन मिनिटे बुडवतात. याहून पाणी जास्त तापले तर सुगंध तयार करणारी विकरे नष्ट होतात, कमी राहिले तर शेंग नीट मरत नाही. मग ती गरम असतानाच लोकरी कापडात गुंडाळून पेटीत घाम यायला ठेवतात, आणि तिचा रंग तपकिरी होतो. त्यानंतर कित्येक दिवस रोज थोडा वेळ ऊन आणि पुन्हा गुंडाळून ठेवणे, मग सावलीत संथ वाळवणे, आणि शेवटी बंद पेटीत काही महिने मुरवणे. तयार शेंग बोटाभोवती गुंडाळली तर मोडत नाही, चामड्यासारखी लवचीक आणि तेलकट लागते. ओलावा जास्त राहिला तर बुरशी येते आणि एका शेंगेची बुरशी पेटीभर पसरते. जास्त वाळली तर ती ठिसूळ होऊन भाव खाली येतो. चोरीच्या भीतीने अपुरी पिकलेली शेंग तोडली तर प्रक्रियेनेही तिला सुगंध येत नाही. चोरीला गेलेला माल ओळखता यावा म्हणून मादागास्करमधले शेतकरी वेलीवरच्या हिरव्या शेंगेला टाचणीने टोचून आपली खूण उमटवतात, ती खूण सुकल्यावरही दिसते. हे कसब आंबोशी वाळवण्याइतके सोपे नाही, ते शिकायला वर्षे लागतात.

आता मुंबईच्या बाजाराकडे येऊ. व्हॅनिलाच्या स्वादाला मुंबईत अफाट मागणी आहे हे खरे, पण ती मागणी शेंगेची नाही. १८७४ मध्ये जर्मनीत टीमान आणि हार्मान या रसायनशास्त्रज्ञांनी व्हॅनिलाचा मुख्य सुगंधी घटक, व्हॅनिलिन, प्रयोगशाळेत तयार केला. पुढे तो लवंगेच्या तेलातून, कागद गिरण्यांच्या टाकाऊ द्रवातून आणि आज मुख्यतः खनिज तेलापासून मिळणाऱ्या ग्वायाकॉलमधून बनतो. जगातल्या व्हॅनिला-स्वादापैकी शेंगेतून येणारा वाटा १ टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी मानला जातो. क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास बेकरीचे सामान विकणाऱ्या कोणत्याही दुकानात इसेन्सची छोटी बाटली हातात घेऊन मागचे बारीक अक्षर वाचावे : व्हॅनिलिन किंवा इथाइल व्हॅनिलिन, द्रावक, पाणी आणि बहुधा कॅरॅमलचा रंग. तयार शेंगेत व्हॅनिलिन साधारण २ टक्के असते, म्हणजे तेवढाच स्वाद द्यायला कारखान्याला शेंग कित्येक पट महाग पडते. खरी शेंग वापरणारे मिठाईघर आणि मोठ्या हॉटेलांची स्वयंपाकघरे मुंबईत आहेत, पण त्यांची गरज मोजकी, प्रतीविषयीचा आग्रह कडक, आणि नव्या माणसाकडून माल घेताना ती साहजिकच हात आखडता घेतात.

बंदीच्या बातमीला कसलाही आधार नाही. कारखान्यात बनलेला व्हॅनिलिनचा रेणू शेंगेतल्या रेणूहून वेगळा नसतो आणि तो जगभर मान्य असलेला स्वाद आहे. शेंगेचा स्वाद श्रेष्ठ ठरतो तो तिच्यातल्या इतर शेकडो घटकांमुळे, कृत्रिम माल विषारी आहे म्हणून नव्हे.

कोकणाच्या हवामानाचा मुद्दा संदेशात एका वाक्यात उरकला आहे, आणि त्यात थोडे तथ्य आहे. उष्णता, दमटपणा आणि पोफळीच्या बागेतली अर्धी सावली व्हॅनिलाला मानवते. पण तिला पाऊस वर्षभर विभागून हवा, बहर येण्यापूर्वी दोनेक महिन्यांचा कोरडा काळ पुरतो. आपल्याकडे चार महिन्यांत ३,००० मिलिमीटर कोसळतो आणि उरलेले सात-आठ महिने कोरडे जातात. पावसाळ्यात पाणी साचले की मुळे कुजतात, उन्हाळ्यात पाणी दिले नाही तर वेल सुकते. बारमाही पाणी, उताराची निचऱ्याची जमीन, आधाराला पांगारा किंवा गिरीपुष्प, पालापाचोळ्याचे जाड आच्छादन आणि घरात रोज सकाळी मोकळी असणारी दोन माणसे, एवढे ज्याच्याकडे आहे त्याने सुपारीत आंतरपीक म्हणून थोड्या वेली जरूर लावाव्यात. दापोलीच्या कृषी विद्यापीठात आधी विचारून, रोगमुक्त छाट घेऊन आणि पहिली चार वर्षे पैशाची वाट न पाहता लावाव्यात.

उरला हमीभाव. रोपे विकणाऱ्याला त्याचे पैसे लागवडीच्या दिवशी मिळतात, आणि माल परत घेण्याचे वचन चार वर्षांनंतरचे असते. करार दाखवला गेला तर त्यात चार गोष्टी शोधाव्यात : लिहिलेला भाव हिरव्या शेंगेचा आहे की तयार शेंगेचा, शेंगेची लांबी, ओलावा आणि व्हॅनिलिनचे प्रमाण किती धरले आहे आणि ते तपासणार कोण, जागतिक भाव पडला तरी तोच दर लागू राहील असे स्पष्ट शब्दांत आहे का, आणि खरेदी झाली नाही तर भरपाई कोणत्या मालमत्तेतून होणार. यांपैकी एकाचेही लेखी उत्तर नसेल, तर सही करण्यापूर्वी कागद वकिलाला दाखवावा आणि तोपर्यंत रोपांची आगाऊ रक्कम देऊ नये.