'विल हॅव' मराठीत नाही म्हणणाऱ्यांना

गेले काही महिने इंग्रजी शिकणाऱ्यांच्या आणि शिकवणाऱ्यांच्या ग्रुपांवर एक तक्ता फिरतोय. निळी चौकट, आत पाच ओळी. 'विल' आलं तर भविष्यकाळ, नाही आलं तर नाही. 'आय' आणि 'वुई'ला 'शॅल', बाकी सगळ्यांना 'विल'. 'विल हॅव' म्हणजे 'असेल' आणि 'विल हॅव टू' म्हणजे 'लागेल', फरक फक्त 'टू'चा. 'मस्ट' आणि 'विल हॅव टू' एकच. आणि सगळ्यात खाली, ठळक अक्षरांत: हे प्रकार मराठीत नाहीतच, त्यामुळे मराठीत विचार करणाऱ्याला ते कधी जमणार नाहीत, आधी मराठीत विचार करणं बंद करा.

माझ्याकडे संध्याकाळी शिकायला येणारी मुलं बहुतेक मराठी माध्यमातली. त्यांतल्या एका मुलीने हा तक्ता वहीत जसाच्या तसा उतरवून आणला होता आणि शेवटच्या ओळीखाली लाल पेनाने दोन रेघा मारल्या होत्या. त्या रेघा माझ्या डोळ्यांपुढून हलेनात, म्हणून हे लिहितोय.

पहिल्या ओळीपासून घेतो. 'द ट्रेन लीव्ह्ज ॲट सिक्स टुमॉरो.' यात 'विल' कुठे आहे? 'आय ॲम मीटिंग हिम ऑन मंडे', 'इट इज गोइंग टू रेन', यांतही नाही, आणि तिन्ही वाक्यं पुढच्याच काळाची आहेत. मराठीत आपण हेच करतो. 'गाडी उद्या सहाला सुटते', 'सोमवारी भेटतोय त्याला.' आपण तर त्याच्याही पुढे जातो. दारातून कुणी हाक मारली की चपला पायांत सरकवता सरकवता म्हणतो, 'आलोच!' अजून घराबाहेर पाऊल पडलेलं नसतं आणि क्रियापद भूतकाळात जाऊन बसलेलं असतं. पुढे व्हायची गोष्ट झालीच असं समजून बोलणं ज्याच्या जिभेवर आहे, त्याला भविष्यातली पूर्णता परकी कशी वाटेल?

'शॅल'ची ओळ जुनी आहे. जॉन वॉलिस नावाच्या इंग्रज गणितज्ञाने 1653 साली लॅटिनमध्ये इंग्रजीचं व्याकरण लिहिलं, त्यात हा नियम येतो. अनंताची ∞ ही खूण रूढ करणारा तोच हा वॉलिस. पुढे शाळांनी नियम घोकून घेतला, पण स्कॉटलंड, आयर्लंड आणि अमेरिकेतल्या बोलण्यात तो कधी मुरला नाही, आणि आज इंग्लंडातही 'आय विल' म्हटलं म्हणून कुणी चूक काढत नाही. 'शॅल'चं मूळ 'देणं लागणे' या अर्थाचं आणि 'विल'चं 'इच्छा असणे' या अर्थाचं. कायद्याच्या भाषेत ते मूळ अजून जिवंत आहे. भारतीय संविधानाचं 52वं कलम म्हणतं, 'देअर शॅल बी अ प्रेसिडेंट ऑफ इंडिया.' कर्ता 'आय' नाही, 'वुई' नाही, तरी 'शॅल' आहे. पुढे काय घडणार याचा तो अंदाज नाही, ते बंधन आहे. मराठी पाठात तिथे 'असेल' येतं, म्हणजे आपला साधा भविष्यकाळही बंधन पेलतो. रोजच्या बोलण्यात 'शॅल' हवाच असेल तर 'शॅल आय ओपन द विंडो?' एवढा ठेवावा. त्याला आपल्याकडे 'खिडकी उघडू का?' तयारच आहे.

आता तिसरी ओळ, जिच्यामुळे सगळ्यात जास्त नुकसान होतं. 'फरक फक्त टूचा' हे डोळ्यांना खरं दिसतं. पण 'आय विल हॅव द मनी' म्हणजे पैसे माझ्याकडे असतील. 'आय विल हॅव पेड' म्हणजे मी पैसे भरलेले असतील. 'आय विल हॅव टू पे' म्हणजे मला पैसे भरावे लागतील. आणि हॉटेलात बसून 'आय विल हॅव टी' म्हटलं, तर मी चहा घेईन. एका 'विल हॅव'पुढे चार संसार मांडलेत. 'टू' आहे का एवढंच पाहून भागत नाही. 'हॅव'नंतर वस्तू येते की क्रियापदाचं तिसरं रूप, हेही पाहावं लागतं.

हे चारही अर्थ एकाच घरातून कसे निघाले, ते मी फळ्यावर एका पत्राने दाखवतो. 'हॅव' म्हणजे मुळात जवळ असणे. माझ्याजवळ पत्र आहे आणि ते लिहून झालेलं आहे: 'आय हॅव द लेटर रिटन.' शब्दांची जागा बदलली आणि झालं 'आय हॅव रिटन द लेटर'. माझ्याजवळ पत्र आहे, पण ते लिहायचं आहे: 'आय हॅव अ लेटर टू राइट.' यातून आलं 'आय हॅव टू राइट अ लेटर'. हातातलं काम संपलेलं असेल तर पूर्णता, बाकी असेल तर बंधन. 'विल' फक्त दोन्हींना पुढच्या काळात नेऊन ठेवतं.

आता मराठीकडे बघा. 'पत्र लिहिलेलं आहे' आणि 'पत्र लिहायचं आहे.' लिहिलेलं आणि लिहायचं, पत्राला लागलेली ही दोन विशेषणं आणि मागे एकच 'आहे'. इंग्रजीने शेकडो वर्षांत जी जोडी घडवली, तिची सख्खी बहीण आपण रोज बोलतो. तिला पुढच्या काळात नेलं की 'लिहिलेलं असेल' आणि 'लिहायचं असेल'. परिस्थितीचा जोर दाखवायचा असेल तेव्हा आपण 'लिहावं लागेल' म्हणतो. फरक एवढाच की इंग्रजीत ओझं वाहणारा माणूस कर्ता होऊन पुढे उभा राहतो, 'आय विल हॅव टू', आणि मराठीत ओझं त्याच्यावर येऊन पडतं, 'मला लागेल'. हा फरक एकदा दाखवून दिला की पोरं 'मी विल हॅव टू' आणि 'मला विल हॅव टू' यांत घोटाळत नाहीत.

ओघात आणखी एक. 'असेल' हा नुसता भविष्यकाळ नाही. 'एव्हाना पोचला असेल तो' हे वाक्य आत्ताबद्दलचा अंदाज आहे. 'ही विल हॅव रीच्ड बाय नाऊ' नेमकं तेच सांगतं. इथेही दोन्ही भाषा जोडीने चालतात.

'मस्ट' आणि 'विल हॅव टू' एकच आहेत का? होकारात ते जवळ येतात. तरी 'यू मस्ट ट्राय धिस' हा यजमानाचा आग्रह आहे, 'खाऊन बघाच!' त्यातला 'च' म्हणजे 'मस्ट'. 'मस्ट'ला मूळ रूपच उरलेलं नाही, त्यामुळे 'विल मस्ट' होत नाही आणि ती जागा 'हॅव टू' भरून काढतं. नकारात मात्र दोघांची तोंडं दोन दिशांना. 'यू मस्ट नॉट साइन' म्हणजे सही करायची नाही. 'यू वोन्ट हॅव टू साइन' म्हणजे सही करावी लागणार नाही. ज्या मुलीच्या वहीतल्या रेघा सांगितल्या, ती नर्सिंगला आहे. उद्या वॉर्डात रुग्णाच्या नातेवाइकापुढे कागद धरून ती यांतलं चुकीचं वाक्य बोलली, तर त्याची किंमत तक्ता बनवणारा मोजणार नाही.

राहिली शेवटची ओळ. मराठी माणूस इथे अडखळत नाही, असं मी म्हणणार नाही. अडखळतो, पण दगड दुसरीकडे आहे. तो दगड म्हणजे 'पर्यंत'. 'शुक्रवारपर्यंत थांबेन' आणि 'शुक्रवारपर्यंत फॉर्म देईन', दोन्हीकडे आपलं एकच 'पर्यंत' चालतं. इंग्रजीत थांबणं 'टिल फ्रायडे' आणि देणं 'बाय फ्रायडे'. पूर्णता आली की 'बाय'. याच मुलीने मेलमध्ये 'आय विल सबमिट द फॉर्म्स टिल फ्रायडे' असं लिहिलं होतं. तिला काळ नीट कळत होता, अव्यय चुकलं होतं. यावर उपाय मराठीतच मिळाला. मी तिला विचारलं, 'पर्यंत'च्या जागी 'च्या आत' बसतं का बघ. 'शुक्रवारच्या आत देईन' बसतं, तिथे 'बाय'. 'शुक्रवारच्या आत थांबेन' बसत नाही, तिथे 'टिल'.

दुसरा दगड: 'तू येशील तेव्हा मी निघालेलो असेन.' आपण दोन्हीकडे भविष्यकाळ वापरतो, म्हणून 'व्हेन यू विल कम' असं तोंडून जातं. इंग्रजी तिथे 'व्हेन यू कम' म्हणते आणि 'विल' मुख्य वाक्यासाठी राखून ठेवते. यालाही मराठीतूनच वाट आहे. 'तू येईपर्यंत मी निघालेलो असेन' असं म्हणून बघा. 'येईपर्यंत'मध्ये 'येशील' नाही. 'बाय द टाइम यू कम'मध्येही 'विल' नाही.

परवा मी त्याच मुलीला मुद्दाम अवघड वाक्य दिलं: 'रुजू होण्याआधी तुम्ही प्रशिक्षण पूर्ण केलेलं असावं लागेल.' पूर्णता आणि बंधन एकाच वाक्यात. तिने आधी 'केलेलं असावं' खाली रेघ मारली, मग 'लागेल'खाली. 'लागेल'खाली 'विल हॅव टू' लिहिलं, 'केलेलं असावं'खाली 'हॅव कम्प्लीटेड', आणि वाचून दाखवलं: 'यू विल हॅव टू हॅव कम्प्लीटेड द ट्रेनिंग बिफोर जॉइनिंग.' दोन 'हॅव' जवळजवळ आले म्हणून ती क्षणभर थांबली, मग म्हणाली, 'सर, यातलं एक लागेलचं आहे आणि एक असावंचं.' मी खडू तिच्याच हातात दिला.