साहेब आहेत का?

प्लंबरने दारातूनच विचारलं, "ताई, साहेब आहेत का?"

मी टाकीचं झाकण काखोटीला मारून, दोन्ही बाह्या कोपरापर्यंत ओल्या अशा अवतारात त्याच्यासमोर उभी होते. साहेब होते. झोपले होते. टाकी आवाज करायला लागल्यापासून चारही रात्री ते झोपलेलेच होते.

आमची फ्लशची टाकी दर वीस मिनिटांनी, कुणी हात लावलेला नसताना, आपणहून भरायला लागायची. मिनिटभर चालायचं, मग गप्प. डोळा लागतोय तोवर पुन्हा. १७७५ साली अलेक्झांडर कमिंग नावाच्या गृहस्थाने एस अक्षरासारख्या वळलेल्या नळीच्या संडासाचं पेटंट घेतलं. त्या वाकणात पाणी साठून राहतं, म्हणून खालचा वास घरात येत नाही. हा कमिंग मूळचा घड्याळजी. आमची टाकी टोल का देते, हे मला पहाटे तीन वाजता समजलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या मजल्यावरचे सर आले. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेले.

"तुमच्याकडे रात्री कसला आवाज येतो गं?"

"टाकीचा, सर. शूं असा."

"शूं की सूं?"

"काय फरक पडतो?"

"पडत कसा नाही? सूं दंत्य, शूं तालव्य. वारा सूं करतो. पाण्याला सूं म्हणणं चूक." सर थेट संडासाच्या दारापाशी जाऊन उभे राहिले. "सलग येतो की थांबून थांबून?"

"दर वीस मिनिटांनी."

"म्हणजे पालुपद आहे."

आम्ही दोघं बंद दारासमोर पाहुण्यांसारखे उभे. गॅसवर दूध होतं, पण सरांना सोडून जायची सोय नव्हती. शेवटी टाकी बोलली. सरांनी बोट वर केलं, डोळे मिटले आणि आवाज थांबेपर्यंत उघडले नाहीत.

"अगं, हा ष आहे," ते जवळजवळ कुजबुजले. "पोटफोड्या. मूर्धन्य. आख्खी नोकरी पोरांच्या जिभा वळवण्यात गेली, एकाला जमला नाही. ही बघ कसा स्वच्छ काढते. एवढ्यात दुरुस्त नको करूस. नातवाला ऐकवतो."

मला वाटलं, बोलायचं म्हणून बोलले. संध्याकाळी खरंच घेऊन आले.

आता माझी गोष्ट अशी, की तोवर मी डोकं चालवलं होतं. झाकण काढून बघितलं, तर पाणी वरच्या ओव्हरफ्लोच्या नळीत जात नव्हतं. म्हणजे भरणारा व्हॉल्व्ह निर्दोष. पाणी तळातून गळत असणार. तळाचं रबर झिजलं की पाणी थेंबथेंब भांड्यात उतरतं, पातळी खाली गेली की तरंगणारा गोळा खाली येतो, व्हॉल्व्ह उघडतो, की आमचा ष. याची साधी परीक्षा आहे. टाकीत खायचा रंग घालायचा, अर्धा तास फ्लश करायचं नाही. भांड्यात रंग उतरला तर रबर गेलं. मी निळा रंग घालून घड्याळ लावून बसले होते.

टाकी गप्प. सर, नातू आणि मी दारासमोर रांगेत. पंधरा मिनिटं झाल्यावर नातू म्हणाला, "आजोबा, शू."

"बरोबर, तालव्यच, पण नीट ऐक..."

"नाही, मला शू आलीय."

मी 'थांब' म्हणेपर्यंत तो आत. आतून फ्लशचा धबधबा आणि मागोमाग किंकाळी, "आजोबा, माझी शू निळी झाली!"

परीक्षा बुडाली. मी त्याला गुडघ्यावर बसून विचारलं, बाळा, तू बटण दाबायच्या आधी पाणी निळं होतं की नंतर झालं? "आधीच होतं," तो म्हणाला. साक्षीदार पाच वर्षांचा, पण पक्का. रबर गेलं होतं.

हे सगळं मी प्लंबरला सांगितलं. रंगासकट. त्याने टाकीत न डोकावता सांगितलं, "आख्खा सेट बदलावा लागेल. साहेबांना विचारून घेतो." साहेबांना उठवलं. साहेब बर्म्युडा सावरत आले, जांभई दिली आणि आदल्या रात्री जेवताना मी दोनदा ऐकवलेलं वाक्य म्हणाले, "खालचं रबर गेलं असेल."

"बघा!" प्लंबर माझ्याकडे वळून म्हणाला. "साहेबांनी बसल्या जागी ओळखलं."

साहेब उभे होते. आणि हसले! चुकून, असं त्यांचं म्हणणं. मिक्सर, इन्व्हर्टर, गीझर, कशाचंही बघा, मी बोलले तर ती तक्रार, तेच यांनी बोललं तर निदान. यावर मी अजून दोन पानं लिहू शकते, पण त्यात विनोद उरणार नाही.

रबर दहा मिनिटांत बदललं. पैसे मी दिले, फोन नंबर त्याने साहेबांचा घेतला. जाताना झाकण असं तिरकं बसवून गेला की बटण दाबलं की दबलेलंच राहतं आणि पाणी सलग वाहतं. आता मधली वीस मिनिटांची सुट्टीही नाही.

सर मघाशी येऊन ऐकून गेले. हा नुसता स आहे, म्हणाले. दंत्य. चहाला थांबले नाहीत.