नजरेचा दोष

पावसाळ्यात डोळ्यांची साथ आली की माणसे एकमेकांकडे पाहणे तेवढे टाळतात आणि बाकीचे सगळे व्यवहार बिनधास्त चालू ठेवतात. 2023 च्या जुलैमध्ये आळंदीत शाळकरी मुलांचे डोळे येऊ लागले, मग बघता बघता साथ राज्यभर पसरली आणि आमच्या इमारतीत पहिला मान मला मिळाला. सकाळी पापण्या चिपडांनी चिकटलेल्या; कोमट पाण्याने त्या सोडवल्यावर आरशात पाण्यात कुंकू कालवावे तसे दोन डोळे दिसले.

डॉक्टरीणबाईंनी सांगितले की बहुतेक वेळा हा अॅडिनोव्हायरसचा प्रताप असतो, त्याला प्रतिजैविके दाद देत नाहीत आणि तो आठवड्या-दोन आठवड्यांत आपणहून जातो. तोवर टॉवेल आणि उशीचा अभ्रा वेगळा ठेवायचा, हात धुवायचे आणि स्टेरॉइडचे थेंब मनाने घालायचे नाहीत. एवढा साधा उपाय कोणालाच पटला नाही. आत्याने मध सुचवला, समोरच्या वहिनींनी कोथिंबिरीचा रस, तर एका हितचिंतकाने स्वतःच्या डोळ्यांतून उरलेली थेंबांची बाटली मोठ्या मनाने पुढे केली. सगळ्यांचे ऐकले असते, तर डोळ्यांत चटणी तयार झाली असती.

वरच्या मजल्यावरचे काका लिफ्टमध्ये मला पाहताच भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी दाबलेले बटण त्यांनी खात्रीसाठी पुन्हा दाबले आणि त्याच बोटाने स्वतःच्या डोळ्याचा कोपरा पुसला.

"काका, हे नजरेतून नाही, हातावरून पसरतं," मी म्हणालो.

"ते असेल रे, पण तू आधी तिकडे बघ."

दिसणाऱ्या गोष्टीवर दोष ठेवणे सोपे असते, हे खरेच. 1969 मध्ये घानात अशीच एक साथ आली, तेव्हा माणूस नुकताच चंद्रावर उतरला होता, म्हणून लोकांनी तिला ‘अपोलो’ म्हटले. 1971 मध्ये पश्चिम बंगालात सीमेपलीकडून निर्वासित येत होते, म्हणून तिथे ती ‘जय बांगला’ झाली. आमच्या इमारतीत चंद्रही नव्हता आणि सीमाही नव्हती, तेव्हा मीच सापडलो. मी काळा चष्मा लावला, त्याने उजेड सुसह्य झाला आणि शेजाऱ्यांचे रक्तदाब उतरले. विषाणूला मात्र त्याचे सोयरसुतक नव्हते.

पुढे काकांचेही डोळे आले. दरवाजाच्या भिंगातून मी त्यांच्याकडे पाहिले असणार, असे त्यांनी सोसायटीच्या सभेत काळा चष्मा सारखा करत ठामपणे सांगितले आणि मग हजेरीच्या वहीवर सही करून तेच पेन पुढच्याच्या हाती दिले.