‘रेडिस लावला की मेसेज हरवत नाही’ म्हणे!

‘रिअल-टाइमचे सहा सुवर्णनियम’ नावाचा एक फॉरवर्ड सध्या सोलापुरातल्या इंजिनिअरिंगच्या पोरापोरींच्या ग्रुपांवर फिरतोय. भाचीच्या प्रोजेक्ट ग्रुपवर तो आला आणि पोरींनी चांगला चाललेला कोड मोडायला घेतला. प्रोजेक्ट साधा आहे. मार्केट यार्डात कांद्याचा लिलाव चालू असताना प्रत्येक लॉटचा भाव जँगोच्या (पायथनमधल्या वेब फ्रेमवर्कच्या) साइटवरून शेतकऱ्याच्या मोबाइलवर लगेच दिसला पाहिजे.

फॉरवर्ड म्हणतो: (१) रिअल-टाइम म्हणजे वेबसॉकेटच (सर्व्हर-ब्राउझरमधली दोन्हीकडून बोलायची उघडी लाइन), एसएसई (सर्व्हरकडून ब्राउझरकडे जाणारी एकतर्फी लाइन) कालबाह्य झालं. (२) जँगोला हे जमत नाही, नोडवर (जावास्क्रिप्टवर) जा. (३) एका सर्व्हरवर ६५,५३५ पेक्षा जास्त कनेक्शन होऊच शकत नाहीत. (४) रेडिस पब-सब (मेमरीत चालणाऱ्या रेडिसची, ऐकणाऱ्यांना मेसेज वाटायची सोय) लावला की एकही मेसेज हरवत नाही, डेटाबेसात साठवू नका. (५) हार्टबीट (कनेक्शन जिवंत ठेवायला अधूनमधून पाठवलेला रिकामा मेसेज) म्हणजे फुकटचा खर्च. (६) पोलिंग (ठरावीक वेळाने सर्व्हरला पुन्हापुन्हा विचारणं) हे पाप. खाली सही ‘सीनियर आर्किटेक्ट’. नाव नाही, गाव नाही.

चौथ्यापासूनच सुरू करतो. बाकीच्या नियमांनी फार तर वेळ जाईल, याने शेतकऱ्याचे पैसे जातील.

रेडिसच्या अधिकृत दस्तऐवजात पब-सबबद्दल स्वच्छ लिहिलंय की मेसेज जास्तीत जास्त एकदा पोचतो. म्हणजे एकदा, नाहीतर शून्य वेळा. पब्लिश झालं त्या क्षणी जो ऐकत होता त्याला मिळालं, जो नव्हता त्याला ते नंतर मागूनही मिळत नाही. पब्लिश कमांड किती जणांना दिलं तो आकडा परत करते. तो शून्य आला तरी एरर येत नाही. ऐकणारा संथ असेल तर आणखीच वाईट. मूळ सेटिंगमध्ये त्याचा न पोचलेल्या मेसेजचा साठा ३२ एमबीच्या वर गेला, किंवा सलग ६० सेकंद ८ एमबीच्या वर राहिला, की रेडिस त्याला सरळ तोडतो.

आणि रेडिसचा ऐकणारा म्हणजे शेतकऱ्याचा फोन नव्हे, तुमच्या सर्व्हरवरची प्रोसेस. फोन तिच्या पलीकडे लटकलेला. समजा मोहोळकडच्या रस्त्यावर ४० सेकंद रेंज गेली. तेवढ्यात ११३, ११४, ११५ हे तीन लॉट सुटले आणि भाव क्विंटलमागे दीडशेने उतरला. प्रोसेसला तिन्ही मेसेज मिळाले, तिने ते मेलेल्या सॉकेटवर ढकलले, विषय संपला. फोन परत जोडला गेला. स्क्रीनवर लॉट ११२ चा जुना भाव, आणि शेजारी ‘लाइव्ह’चा हिरवा ठिपका. पान बंद पडलं असतं तर माणसाने फोन करून विचारलं तरी असतं की.

यावरचा उपाय फॉरवर्डने नेमका ‘करू नका’ म्हणून सांगितलाय. आधी भाव डेटाबेसात नोंदवायचा, ट्रान्झॅक्शन कमिट झाल्यावरच (नोंद पक्की झाल्यावरच) रेडिसला आरोळी ठोकायला सांगायची. जँगोत त्यासाठी ‘ऑन-कमिट’ आहेच. त्याआधी पब्लिश केलं आणि ट्रान्झॅक्शन रद्द झालं, तर कधी न लागलेला भाव लोकांना दिसतो. नोंदीचा क्रमांक हाच एसएसई मेसेजचा ‘आयडी’ ठेवायचा. कनेक्शन तुटून पुन्हा जुळलं की ब्राउझर ‘लास्ट-इव्हेंट-आयडी’ या हेडरमध्ये शेवटचा मिळालेला क्रमांक आपणहून पाठवतो, आणि सर्व्हरने त्यापुढच्या नोंदी काढून द्यायच्या. पान पहिल्यांदा उघडतं तेव्हा हा हेडर नसतो, म्हणून पानावर छापलेल्या शेवटच्या नोंदीचा क्रमांक यूआरएलमध्ये घालून द्या.

इथे दोन खड्डे आहेत. पहिला क्रमाचा. आधी रेडिसला सबस्क्राइब, मग जुन्या नोंदी वाचणं, मग दोन्हींत आलेले दुहेरी क्रमांक गाळणं. उलट केलंत तर वाचन आणि सबस्क्राइब यांच्या मधल्या फटीत पडलेला मेसेज गेलाच. दुसरा खड्डा पोस्टग्रेस या डेटाबेसातला, आणि तो टेस्टिंगमध्ये सहसा सापडत नाही. क्रमांक नोंद घालताना मिळतो, पण ती दिसते कमिटनंतर. दोन काट्यांवरून एकाच वेळी नोंदी झाल्या तर ४२ आधी आणि ४१ नंतर कमिट होऊ शकते. ज्या फोनला ४२ मिळाल्यावर कनेक्शन तुटलं, त्याने ‘४२ च्या पुढचे द्या’ म्हटलं की ४१ कायमची हुकते. म्हणून दहा-वीस नोंदी मागे जाऊन वाचा आणि फोनवर क्रमांक बघून दुहेरी गाळा. हे नको असेल तर २०१८ साली रेडिस ५ मध्ये आलेले स्ट्रीम्स वापरा. तिथे मेसेज साठतो, क्रमाने आयडी मिळतो, मागचं वाचता येतं. फक्त लांबीची मर्यादा घाला, नाहीतर मेमरी फुगत जाते.

आता पहिला नियम. एसएसई कालबाह्य असेल तर एआय चॅटची उत्तरं शब्दाशब्दाने येतात ती कशावर? ओपनएआयचा एपीआय याच पद्धतीने स्ट्रीम करतो. हा गैरसमज कुठनं आला ते कळतं: इंटरनेट एक्सप्लोररने एसएसई कधीच घेतलं नाही आणि एजमध्ये ते यायला २०२० उजाडलं. भाव फक्त सर्व्हरकडून फोनकडे जायचाय. तिथे वेबसॉकेट लावलंत तर तुटल्यावर पुन्हा जोडणं आणि राहिलेलं मागणं, दोन्ही हाताने लिहावं लागतं; एसएसईत दोन्हीची सोय एचटीएमएलच्या मानकातच आहे. मात्र त्याच मानकात एक मेख आहे. नेटवर्क तुटलं तर ब्राउझर पुन्हा जोडतो, पण सर्व्हरने २०० (‘सगळं ठीक’) सोडून काही पाठवलं, समजा नवा कोड डिप्लॉय होत असताना ५०२ (‘मागचं ॲप उत्तर देत नाही’), तर इव्हेंटसोर्स, म्हणजे ब्राउझरमधला एसएसई ऐकणारा भाग, कायमचा बंद होतो. तो बंद झालाय का बघून नवा उघडायचा कोड तुम्हालाच लिहायचाय. शिवाय एचटीटीपी १.१ वर ब्राउझर एका डोमेनला सहाच कनेक्शन देतो. सातवा टॅब फिरत बसतो. एचटीटीपी २ चालू करा.

जँगोबद्दलचं अर्धं खरं आहे, मान्य. गनिकॉर्न या पायथनच्या वेब सर्व्हरच्या साध्या सिंक वर्करवर (एका वेळी एकच काम करणाऱ्या प्रोसेसवर) एक स्ट्रीम म्हणजे एक वर्कर अडकला. दोन कोअरच्या मशीनवर नेहमीच्या हिशेबाने पाच वर्कर, म्हणजे सहावा शेतकरी दारात उभा. वर ३० सेकंदांनी ‘वर्कर टाइमआउट’. पण जँगो ४.२ पासून, म्हणजे २०२३ पासून, स्ट्रीमिंग रिस्पॉन्सला असिंक जनरेटर (वाट बघताना वर्कर न अडवता तुकड्यातुकड्याने मजकूर देणारा कोड) देता येतो. युव्हीकॉर्न या असिंक सर्व्हरवर चालवा. जनरेटर मात्र खरोखर असिंक हवा. साधा दिलात तर एएसजीआयखाली (युव्हीकॉर्न ज्या असिंक पद्धतीने ॲप चालवतो तिच्याखाली) जँगो तो आधी पूर्ण संपवायला बघतो, आणि न संपणारा लूप असेल तर फोनवर एक अक्षर येत नाही, मेमरी तेवढी चढते.

६५,५३५ चा नियम वाचून हसू आलं. मार्केट यार्डाचं गेट एक, म्हणून आत एकच ट्रक मावतो का? कनेक्शन ओळखलं जातं दोन्ही बाजूंचे आयपी आणि दोन्ही बाजूंचे पोर्ट या चौघांवरून. सर्व्हरचा ४४३ हा पोर्ट सगळ्यांना तोच. फिनिक्स या वेब फ्रेमवर्कवाल्यांनी २०१५ मध्येच एका सर्व्हरवर २० लाख वेबसॉकेट धरून दाखवले. खरी अडचण येते ती उघड्या फाइलींच्या मर्यादेची (प्रत्येक कनेक्शन एक उघडी फाइल म्हणून मोजलं जातं), जी बऱ्याच लिनक्सवर १,०२४ असते. बाकी एनजिनएक्सकडून (ॲपच्या पुढे उभ्या असलेल्या वेब सर्व्हरकडून) मागच्या एकाच ॲपकडे जाताना पोर्ट खरोखर संपू शकतात, मूळ सेटिंगमध्ये साधारण २८,००० ला. तुमच्या प्रोजेक्टला तिथवर जायचंय?

हार्टबीट फुकटचा खर्च नाही. एनजिनएक्स मागून ६० सेकंद काही आलं नाही की कनेक्शन तोडतो, आणि जेवणाच्या सुट्टीत लिलाव त्याहून जास्त थांबतो. एचटीएमएलचं मानकच सुचवतं की दर १५ सेकंदांनी कोलनने सुरू होणारी एक ओळ पाठवा. ब्राउझर ती टिप्पणी समजून सोडून देतो. लॅपटॉपवर चालतं आणि सर्व्हरवर भाव गठ्ठ्याने येतात, हे दुखणंही एनजिनएक्सचंच; तो मजकूर साठवून मग सोडतो. रिस्पॉन्सला ‘एक्स-ॲक्सेल-बफरिंग: नो’ हा हेडर लावा.

पोलिंग पाप वगैरे काही नाही. चादरींच्या गोदामातला शिल्लक साठा दर अर्ध्या मिनिटाला विचारला तर काय बिघडतं?

पोरींनो, जुना कोड परत आणा आणि एवढं करून बघा. फोनवर पान उघडा, ४० सेकंद एअरप्लेन मोड, तेवढ्यात लॅपटॉपवरून तीन लॉट टाका, मोड काढा. तिन्ही लॉट क्रमाने, एकेकदाच दिसले पाहिजेत. मग हेच युव्हीकॉर्न मधेच रिस्टार्ट करून.