रेडझेडमध्ये एकेक करूनही डिस्क वाढवता येते
झेडएफएस ही डेटा साठवायची फाइल सिस्टिम; रेडझेड म्हणजे तिच्यात अनेक डिस्क एकत्र करून, एखादी बिघडली तरी डेटा वाचवायची पद्धत. ‘झेडएफएसच्या रेडझेडमध्ये एखादीच डिस्क जोडता येत नाही, सगळा डेटा बाहेर काढून पूल (डिस्कचा एकत्रित साठा) नव्याने बांधा,’ असं अजूनही छातीठोकपणे सांगितलं जातं. एकेकाळी ते खरंच होतं. जानेवारी २०२५ मध्ये झेडएफएसच्या मुक्त-स्रोत रूपाची, ओपनझेडएफएसची, २.३ आवृत्ती आली आणि चालू पूलमध्येच डिस्क वाढवायची सोय झाली.

४ टीबीच्या तीन डिस्कवर रेडझेड-१ (एक डिस्क गेली तरी डेटा वाचतो) असेल तर साधारण ८ टीबी वापरता येतात; चौथी जोडली की १२. मेख पुढे आहे. जुन्या फाइली दोन भाग डेटाला एक भाग पॅरिटी (डेटा परत मिळवण्यासाठीची जादा माहिती) अशाच राहतात. त्या पुन्हा लिहिल्याशिवाय पूर्ण १२ हाती लागत नाहीत. मोकळी जागाही कमीच दिसते. म्हणून दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. रेडझेड-१ चं रेडझेड-२ (दोन डिस्क गेल्या तरी डेटा वाचतो) मात्र असं डिस्क जोडून होत नाही.