हेडरमधला बाण सगळ्यांना कळतो, हे खरं नाही

“यादी कोणत्या क्रमाने लावलीय ते दाखवायला टेबलच्या हेडरमध्ये, म्हणजे रकान्यांच्या नावांच्या ओळीत, छोटा बाण टाका. त्याचा अर्थ जगभर एकच आहे, शब्द लिहून जागा घालवू नका.” डेव्हलपर मंडळींमध्ये हा सल्ला सारखा फिरतो. खान्देशातल्या शेतकऱ्याला फोनवर बाजारभाव दाखवायचे असतील, तर हा सल्ला त्याला तोट्यात घालू शकतो.

अर्थ एकच, हेच मुळात चूक. विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्ये चढत्या क्रमाला वर टोक असलेली खूण दिसते. लिनक्सवर ॲपच्या खिडक्या-बटणं बनवायला वापरतात त्या जीटीके या साधनसंचामध्ये मात्र चढत्या क्रमासाठी मूळ सेटिंगच खाली तोंड असलेल्या बाणाची होती. उलटा हवा असेल त्याच्यासाठी वेगळी सेटिंग. शिवाय बाण आत्ताचा क्रम सांगतोय की दाबल्यावर काय होईल ते, हेही प्रत्येक ॲपमध्ये वेगळं.

तारखेच्या रकान्यात तर फारच पंचाईत. रावेरचा केळी उत्पादक भाव उघडतो. तारखेपुढे वर जाणारा बाण आहे, म्हणजे ताजं वर असणार, असं त्याला वाटतं. प्रत्यक्षात तो चढता क्रम, म्हणजे सगळ्यात जुनी तारीख पहिली. तो आठवड्यापूर्वीचा भाव आजचा समजतो आणि त्यावर व्यापाऱ्याशी बोलणी करतो. ‘ताजे आधी’ एवढे दोन शब्द असते तर हे टळलं असतं. एक्सेलसुद्धा मेनूत नुसता बाण ठेवत नाही: आकड्यांना ‘लहान ते मोठे’, तारखांना ‘जुने ते नवे’ अशा अर्थाचे शब्द देतं.

“चालू रकान्याचा, म्हणजे ज्यावर क्रम लागलाय त्याचा, रंग बदला, पुरे.” नाही पुरत. रंग नीट न ओळखणाऱ्यांचं काय? केवळ रंगावर माहिती सोपवू नका, असं वेब सुलभतेचे डब्ल्यूसीएजी निकष स्पष्ट सांगतात. पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरसाठी चालू रकान्याच्या हेडरवर क्रम सांगणारी ‘aria-sort’ ही खूण कोडमध्ये लावावी लागते, आणि क्रम बदलला की तीही बदलावी लागते.

“सगळ्या रकान्यांवर बाण ठेवा, म्हणजे दाबता येतं हे कळेल.” ठेवा, पण फिके आणि दुहेरी, चालू रकान्यावर एकच, ठळक. सगळे सारखे दिसले तर क्रम कशावर लागलाय तेच कळत नाही.

आणि भाव मजकूर म्हणून साठवले असतील तर चढत्या क्रमात 1450 आधी येतो, 950 नंतर, कारण तुलना पहिल्या अक्षरापासून होते आणि 1 हा 9 च्या आधी. तिथे कितीही सुबक बाण काढला तरी तो खोटंच सांगतो. आधी ते दुरुस्त करा.

जागेची अडचण मात्र खरी आहे. मोबाइलवर हेडरमध्ये शब्द मावत नाहीत. मग टेबलच्या वर एक ओळ द्या: ‘क्रम: भाव, जास्त ते कमी’. तीच दाबून बदलता येऊ द्या.