तुझं काय बाबा, मज्जाय!

सागरी कामगारांसाठी २००६ साली एक आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यानुसार मला चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती मिळालीच पाहिजे. तीही फार तर दोन तुकड्यांत, आणि त्यातला एक तुकडा सलग सहा तासांचा हवा. हा करार बोटीवर लागू आहे, कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत नाही. सुट्टीवर आल्यापासून मला कुणी सलग सहा तास एकटं सोडलेलं नाही. अख्ख्या पेठेला एकच कुतूहल: मी क्रूझवर नेमकी किती मजा मारतो?

"तुझं काय बाबा, मज्जाय! फुकटात जग बघतोयस, वर पगार!"

मी क्रूझवर पाहुण्यांच्या खोल्या आवरतो. पंधरा-वीस खोल्या, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. नोकरीचा करार सात-आठ महिन्यांचा, आणि त्यात रविवार नावाचा वार नाही. पण हे वाक्य कोल्हापुरात कुणी शेवटपर्यंत ऐकून घेत नाही. 'क्रूझ' हा शब्द कानावर पडला की पुढचं ज्याचं त्याला दिसायला लागतं: निळं पाणी, स्विमिंग पूल आणि मी गॉगल घालून आडवा.

"मेक्सिको कसाय रं?" कट्ट्यावर विचारतात.

"वायफाय चांगलंय," मी सांगतो, आणि ते अगदी खरं आहे. बोट बंदराला लागली की पाहुणे खाली उतरतात, आणि नेमकं तेव्हाच खोल्या साफ करायच्या असतात. ते संपवून तास-दीड तास उरला तर धावत उतरायचं, फुकट वायफायचं दुकान गाठायचं आणि फुटपाथवर बसून आईला फोन लावायचा. कॅरिबियनमधल्या निम्म्या बंदरांत मला फक्त तेवढा फुटपाथ माहीत आहे. परतायला उशीर झालेला चालत नाही, कारण बोट कुणासाठी थांबत नाही. पैसे भरलेले पाहुणेसुद्धा कधी कधी हातात खरेदीच्या पिशव्या घेऊन धक्क्यावर पळत येतात, आणि वरच्या डेकवरून बाकीचे पाहुणे टाळ्या वाजवून त्यांना पळवतात. बोट सुटली की संपलं. पुढच्या बंदरावर स्वखर्चानं या.

"आणि खिडकीतनं डॉल्फिन दिसत असतील न्हवं?"

खिडकी पैसे भरणाऱ्याला. माझी खोली पाण्याच्या पातळीखाली. एकावर एक दोन बाकडी, प्रत्येकाला एक पडदा. तो ओढला की आपलं खासगी आयुष्य सुरू. बाहेर दिवस आहे की रात्र, हे मोबाइल सांगतो. पश्चिमेला जाताना घड्याळ तासभर मागं करतात, त्या रात्री झोप जास्त मिळते म्हणून सगळे खुश. पूर्वेला निघालो की तोच तास परत कापून घेतात. अशा वेळी जहाजाच्या मालकापासून पृथ्वीच्या गोलाईपर्यंत सगळ्यांना शिव्या पडतात.

खोलीतून बाहेर पडलं की एक लांबलचक बोळ. बोटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणाऱ्या या रस्त्याला, अमेरिकेतल्या हायवेवरून, 'आय नाइंटी फाइव्ह' म्हणतात. पाहुण्यांना तो कधीच दिसत नाही. दिवाळीच्या आदल्या संध्याकाळचा महाद्वार रोड डोळ्यांपुढं आणा, फक्त वर छत आणि खाली समुद्र. अंड्यांच्या चळती, चादरींच्या ढकलगाड्या, मोरपिसं लावलेल्या नर्तकी, कचऱ्याच्या पिशव्या आणि घाईतला कॅप्टन, सगळे एकाच बोळातून. फक्त कुणी हॉर्न मारत नाही, एवढाच फरक.

हॉर्नवरून आठवलं. बोटीवर धोक्याचा इशारा म्हणजे सात आखूड भोंगे आणि एक लांब. २०१२ साली इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉनकॉर्डिया ही क्रूझ बोट कलंडली, त्यानंतर नियम कडक झाले: नवे पाहुणे चढले की बोट सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी कवायत झालीच पाहिजे. आमची तर दर आठवड्याला असतेच. त्यामुळं परवा बिनखांबी गणेश मंदिरापाशी एका टेम्पोवाल्यानं सात आखूड मारले आणि आठवा लांबवला, तेव्हा माझा हात आपोआप लाइफ जॅकेट शोधायला गेला. शेजारी भाजी घेणाऱ्या बाईंनी पर्स दुसऱ्या खांद्यावर घेतली.

पेठेला जे सांगूनही पटत नाही, ते म्हणजे स्वच्छता. अमेरिकेच्या बंदरात जाणाऱ्या बोटीवर तिथल्या रोग नियंत्रण केंद्राचे निरीक्षक न सांगता चढतात आणि शंभरपैकी मार्क देतात. ८५ किंवा त्याहून कमी म्हणजे नापास. मला दहावीला जवळजवळ तेवढेच पडले होते, तेव्हा आमच्या आप्पांनी गल्लीत पेढे वाटले होते. निरीक्षक आले ही बातमी बोळातून वाऱ्यासारखी जाते आणि चार हजार माणसांच्या बोटीवर एकदम सुतकी शांतता पसरते. गार पदार्थ पाच अंशांच्या वर नको, गरम सत्तावन्नच्या खाली नको. मधलं सगळं धोक्याचं.

ही शिस्त अंगात भिनवून मी सुट्टीवर आलो आणि मित्रांनी पहिल्याच रात्री गंगावेशीत दूध कट्ट्यावर नेलं. म्हैस समोर उभी, धार थेट भांड्यात, भांड्यातलं ग्लासात. अडतीस अंशांचं दूध, वर चार बोटं फेस. एखादी निरीक्षक बाई तिथं थर्मामीटर घेऊन उभी केली, तर ती आधी ग्लासला, मग भांड्याला आणि शेवटी म्हशीला नापास करेल. मी दोन ग्लास प्यालो. म्हैस माझ्याकडं बघत होती, पण तिचा काही आक्षेप दिसला नाही.

बोटीवरच्या जेवणाबद्दल तक्रार नाही. आमच्या मेसमध्ये भात, डाळ, करी रोज असते. तिखट मात्र पाहुण्यासारखं येतं, लगेच जातं. म्हणून मी घरची कांदा-लसूण चटणी नेतो. माझा खोलीतला जोडीदार फिलिपिनो. पिशवी उघडली तेव्हा तो पडद्याआड बराच वेळ शिंकत होता. आता तो तीच चटणी त्याच्या अडोबोवर, म्हणजे त्यांच्याकडच्या मांसाच्या कालवणावर, भुरभुरतो, आणि मी सुट्टीवर निघालो की मला निरोप नंतर देतो, आधी ऑर्डर: दोन किलो.

पण या सुट्टीत खरा घात झाला तो हत्तींमुळं. संध्याकाळी खोली आवरली की पलंगावर टॉवेलचा एखादा प्राणी करून ठेवायचा, अशी आमच्याकडं रीत आहे. मोठ्या टॉवेलचं धड आणि चार पाय, लहान टॉवेलची सोंड आणि कान. लहान मुलं खुश, टिपही बरी. आईनं माझ्या मोबाइलमधला तो व्हिडिओ अभिमानानं समोरच्या काकूंना दाखवला. त्यांच्या मुलीचं लग्न तोंडावर.

"मी काय म्हणतो बाळ," काकू म्हणाल्या, "आमच्या पोरीच्या रुखवताला दोन हत्ती करून दे की. टॉवेल मी देतो."

काकूंनी दिलेल्या पातळ टॉवेलांचे हत्ती उभे राहीनात, गुडघ्यात बसायला लागले. मग जाड सोलापुरी टॉवेल आले. डोळ्यांना टिकल्या लावल्या. दोन हत्ती बघून काकूंना अंबारी सुचली, अंबारीवरून दसरा चौकातली मिरवणूक सुचली, आणि माझ्या सुट्टीतली एक अख्खी रात्र मी घरच्या जमिनीवर बसून टॉवेलचे चोपदार वळत होतो. आठ महिने जे केलं तेच, फक्त इथं टिप नव्हती. चहा होता.

रुखवतावर पाटी लागली: 'सर्व कलाकुसर वधूने स्वहस्ते केली आहे.' वरमाय गडहिंग्लजच्या. त्यांनी चष्मा पुसून हत्ती बघितले, सोंड हलवून बघितली, आणि सगळ्यांसमोर सुनेच्या पाठीवर हात ठेवला. "गुणाची हाय गं पोरगी! पुढच्या म्हयन्यात तुझ्या नणंदेचं लगीन. आता रुखवताची काळजी मिटली."

दुसऱ्या दिवशी सासरहून तिचा मला फोन. आवाज दबका.

"दादा, तू कधी निघणार?"

"वीस तारखेला मुंबईतनं विमान. बावीसला बोट सुटते."

"लगीन तेवीसला हाय रे." थोडा वेळ विचार करून ती म्हणाली, "बोटवाल्यास्नी सांगून बघ की, एक दिवस थांबतील."